घर हप्त्यांनी विकलं, हप्ते थांबले : खरेदीदाराला नोटीस कशी द्यायची?

प्रश्न : ताई, मी सदुसष्ट वर्षांचा निवृत्त माणूस. डॅलसच्या उत्तरेला आमचं जुनं घर होतं. मुलगी कॅलिफोर्नियाला गेल्यावर आम्ही दोघं लहान घरात राहायला आलो आणि जुनं घर जून २०२१ मध्ये मंडळातल्याच एका कुटुंबाला विकलं. त्यांना बँकेचं कर्ज मिळत नव्हतं, म्हणून ‘कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड’ केलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तासाभरात सगळं ठरलं. किंमत २,६०,००० डॉलर. त्यातले २६,००० रोख दिले, उरलेल्या २,३४,००० वर ६ टक्के व्याज, तीस वर्षं, दर महिन्याच्या १५ तारखेला १,४०३ डॉलरचा हप्ता. पूर्ण पैसे फिटले की डीड, म्हणजे मालकीचा दस्त, त्यांच्या नावावर करून द्यायचं. घराचा कर त्यांनीच भरायचा.

जुलै २०२१ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत हप्ते आले. मधे दोन-तीनदा उशीर झाला, पण मी काही बोललो नाही. सप्टेंबरपासून मात्र बंद. चार हप्ते थकलेत. नोकरी गेली असं कानावर आलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण केली की दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. यंदाचा करही भरलेला दिसत नाही. एका ओळखीच्यांनी नोटिशीचा नमुना दिलाय : तीस दिवसांत पैसे भरा, नाहीतर करार रद्द, दिलेले पैसे जप्त, घर खाली करा. त्यात करारातला दरमहा १५० डॉलरचा विलंब आकारही धरलाय. ही नोटीस पाठवू का? तीस दिवसांनी कुलूप बदलता येईल का? त्यांचा अपमान व्हावा असं मनात नाही, पण माझं निवृत्तीचं गणित या हप्त्यांवर आहे.

— एक वाचक (पत्राची तारीख २० डिसेंबर)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या खुर्चीत बसून आणि एकदा त्या कुटुंबाच्या. तुमची नोटीसही अशीच दोन्हीकडून वाचून लिहायची आहे, कारण उद्या न्यायाधीश ती खरेदीदाराच्या खुर्चीतूनच वाचणार.

आधी कुलपाचं. त्याला हात लावू नका. तीस दिवसांनी नाही, साठ दिवसांनीही नाही. घरात माणसं राहतात, ताबा घ्यायचा तो कायद्याच्या मार्गानेच. तुम्ही एक कुलूप बदललंत की थकबाकीचा विषय मागे पडेल आणि तुमच्याविरुद्धचा दावा पुढे येईल.

आता तो तीस दिवसांचा नमुना. तो अगदीच खोटा नाही, टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडमध्ये तीस दिवसांची नोटीस आहे. कलम ५.०६४ आणि ५.०६५ वाचा. खरेदीदाराने थोडेच पैसे दिले असतील तर नोटिशीनंतर तीस दिवस द्यायचे, आणि तेवढ्यात त्याने चूक सुधारली नाही तर करार मोडून घर परत घेता येतं. पण त्या वाटेवर कायद्याने एक खांब रोवून ठेवलाय. खरेदीदाराने देय रकमेच्या ४० टक्के किंवा ४८ मासिक हप्त्यांइतके पैसे दिले असतील, तर ती वाट बंद. मग कलम ५.०६६ लागतं : नोटिशीनंतर किमान साठ दिवस द्यायचे आणि तरीही पैसे आले नाहीत तर विकणाऱ्याने नेमलेल्या ट्रस्टीमार्फत जाहीर लिलाव. घर आपोआप तुमच्याकडे येत नाही आणि दिलेले पैसे ‘जप्त’ही होत नाहीत.

तुमच्या वहीत मोजा. २०२१ चे सहा, पुढची तीन वर्षं प्रत्येकी बारा, २०२५ चे आठ. पन्नास झाले. दोन हप्त्यांनी तुम्ही खांबाच्या पलीकडे आहात. ४० टक्क्यांचा हिशोब नेमका कसा करायचा यावर वकील भांडत बसतील, आपल्याला त्यात पडायची गरजच नाही. आणि एक बारकावा लक्षात ठेवा : कायद्याचे शब्द ‘४८ हप्ते’ असे नाहीत, ‘४८ हप्त्यांइतके’ असे आहेत. म्हणजे ज्यांचे हप्ते चाळीसच झालेत, त्यांनीही डाउन पेमेंट विसरून तीस दिवसांचं पत्र टाकू नये. तुमच्या खरेदीदारांनी आजवर २६,००० अधिक ७०,१५०, म्हणजे ९६,१५० डॉलर तुमच्या हातात दिलेत. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा आणि मगच पुढचं लिहायला घ्या.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. करार काउंटी क्लर्ककडे नोंदवला होता का? विकणाऱ्याने सही झाल्यापासून तीस दिवसांत तो नोंदवावा असं कलम ५.०७६ सांगतं. नोंदवला असेल तर हप्ते पन्नास असोत की पाच, करार मोडून पैसे ठेवून घ्यायचा मार्ग बंदच. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नोंदवलेला करार हा डीडच मानला जातो, न फिटलेल्या किमतीपुरता तुमचा बोजा, म्हणजे व्हेंडर्स लीन, त्यावर राहतो. तुमच्या मनात घर अजून तुमचं आहे आणि डीड ‘शेवटी करून द्यायचं’ आहे. कायद्याच्या लेखी ते बहुधा केव्हाच त्यांचं झालंय, तुमची त्यावर वसुली आहे. हे पचवायला जड जातं, माझ्या ऑफिसात कितीतरी विकणारे या वाक्यापाशी गप्प होतात. पण नोटिशीची भाषा यानेच बदलते. ‘माझं घर खाली करा’ असं लिहायचं नसतं, ‘तुमचं घर वाचवायला अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत भरा’ असं लिहायचं असतं.

कायदा इतका कडक का, याला कारण आहे. टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या कलोनिया, म्हणजे पाण्याची आणि सांडपाण्याची सोय नसलेल्या वस्त्या, अशाच करारांवर विकल्या गेल्या. माणसं दहा-दहा वर्षं हप्ते भरायची, एक चुकला की जमीन गेली, बांधलेली खोली गेली, भरलेलं सगळं गेलं. १९९५ मध्ये त्या भागासाठी नियम झाले आणि २००१ पासून ते राज्यभर लागू झाले. तुमचा करार डॅलसच्या उपनगरात झाला असला तरी त्याच्यामागे ती माणसं उभी आहेत.

मी वकिलीला लागले ती त्याच सीमेजवळच्या एका ऑफिसात. आम्ही विकणाऱ्याच्या बाजूने होतो. तीस दिवसांची नोटीस मीच टाइप केली होती, त्याच्या वहीत ४६ हप्ते होते म्हणून. मुदत संपायच्या आठवड्यात खरेदीदार बाई आल्या. हातात मनी ऑर्डरच्या अर्धुकांची चळत, भोवती केसांचा रबर गुंडाळलेला. इंग्रजी जेमतेम. त्यांनी टेबलावर एकेक अर्धुक मांडायला सुरुवात केली, दहा-दहांच्या ओळीत. चार ओळी पूर्ण झाल्या, पाचव्या ओळीत नऊ. मी पुन्हा मोजली, एकोणपन्नासच. तीन मनी ऑर्डर विकणाऱ्याने वटवल्या होत्या, वहीत चढवल्या नव्हत्या. आमची नोटीस त्या क्षणी रद्दी झाली. त्यापेक्षाही मला लागलं ते हे, की चोवीस-पंचवीस दिवस ती बाई रात्री झोपली नव्हती, आणि ते माझ्या टाइप केलेल्या कागदामुळे. तेव्हापासून बँकेची स्टेटमेंटं समोर ठेवून हप्ते मोजल्याशिवाय मी नोटिशीचा पहिला शब्दही लिहीत नाही. तुम्हीही वहीवर जाऊ नका, बँकेचे उतारे काढा.

आता भाषेचं, आणि हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘स्वयंपाकघरातल्या टेबलावर तासाभरात ठरलं’ असं तुम्ही लिहिलंत. कुठल्या भाषेत ठरलं, काका? मराठीतच ना? मग कलम ५.०६८ बघा. कराराआधीची बोलणी मुख्यतः इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत झाली असतील, तर व्यवहाराचे सगळे कागद त्या भाषेतही द्यावे लागतात. करार, माहितीपत्रकं, वार्षिक हिशोब आणि थकबाकीची नोटीसही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्पॅनिश असणार हे उघड आहे, पण कलमात स्पॅनिशचं नाव नाही. म्हणून तुमची नोटीस इंग्रजीत जाईल आणि तिच्यासोबत मराठीतही जाईल. मला यात ओझं वाटत नाही. डॉलरचे आकडे इंग्रजीत समजत असले तरी ‘घर’ हा शब्द माणसाला आपल्या भाषेतच कळतो.

नोटिशीत काय असावं हे कलम ५.०६३ ने ठरवून दिलंय. वेगळ्या पानावर, १४ पॉइंटच्या ठळक किंवा कॅपिटल अक्षरांत, कायद्याने दिलेला मजकूर जसाच्या तसा. साठ दिवसांच्या नोटिशीचा मजकूर ५.०६६ मध्ये निराळा दिलाय, तोच घ्यायचा, तुमच्या ओळखीच्यांच्या नमुन्यातला चालणार नाही. त्याचा मराठी अर्थ असा होतो : ‘तुमची मालमत्ता खरेदी करण्याच्या कराराच्या अटी तुम्ही पाळत नाही आहात. या नोटिशीत सांगितलेली गोष्ट तुम्ही अमुक तारखेपर्यंत केली नाही, तर विकणाऱ्याने नेमलेल्या ट्रस्टीला तुमची मालमत्ता जाहीर लिलावात विकण्याचा हक्क आहे.’ वाचलंत ना, कायदाही ‘तुमची मालमत्ता’ म्हणतो.

त्याखाली येतो हिशोब. नुसतं ‘सगळी थकबाकी भरा’ लिहिलं तर ते अपुरं पडतं. किती रक्कम, तिच्यात मुद्दल किती, व्याज किती, ती कुठल्या काळाची, आणि वर काही आकार असेल तर तो वेगळा दाखवायचा. पत्र लिहिलंत तेव्हा चार हप्ते थकले होते, पण नोटीस जाईपर्यंत १५ जानेवारी उलटलेली असेल, म्हणजे पाच. मी तुमच्या आकड्यांवरून गणित मांडलं, तुम्ही तपासून घ्या. ऑगस्टच्या हप्त्यानंतर मुद्दल साधारण २,२०,८०१ डॉलर ६८ सेंट उरतं. सप्टेंबरच्या हप्त्यात व्याज १,१०४.०१ आणि मुद्दल २९८.९९. असं करत जानेवारीपर्यंत पाच हप्त्यांचं व्याज ५,५०५.०१, मुद्दल १,५०९.९९, एकूण ७,०१५ डॉलर. मराठी प्रतीतला मजकूर मी असा ठेवीन :

‘१५ सप्टेंबर २०२५ ते १५ जानेवारी २०२६ या काळातले पाच मासिक हप्ते आम्हाला मिळालेले नाहीत. थकबाकी ७,०१५ डॉलर, त्यापैकी मुद्दल १,५०९.९९ आणि व्याज ५,५०५.०१. प्रत्येक महिन्याचा तपशील सोबतच्या पानावर आहे. ही रक्कम १७ एप्रिल २०२६ पर्यंत खालील पत्त्यावर आम्हाला मिळाली, तर या नोटिशीतली थकबाकी मिटली असं आम्ही लेखी देऊ. दरम्यान येणारे हप्ते कराराप्रमाणे द्यायचेच आहेत. यापूर्वी काही हप्ते आम्ही उशिरा स्वीकारले, मात्र यापुढे कराराच्या तारखा पाळल्या जाव्यात अशी आमची अपेक्षा आहे.’

शेवटचं वाक्य तुमच्या ‘मी काही बोललो नाही’ यासाठी आहे. उशिरा आलेले पैसे वारंवार न कुरकुरता घेतले, की पुढे समोरचा म्हणू शकतो, तारखेचा हट्ट तुम्हीच सोडला होतात. तो हट्ट परत धरायचा तर आधी तसं कळवावं लागतं.

विलंब आकार गाळा. करारात १५० लिहिलेत खरे, पण कलम ५.०७३ नुसार हप्त्याच्या ८ टक्के किंवा उशिरा आलेला हप्ता हाताळायला तुम्हाला खरोखर आलेला खर्च, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त विलंब आकार लावता येत नाही. १,४०३ चे ८ टक्के ११२ डॉलर २४ सेंट. तुमचा खरा खर्च तर एका फोनचा. चुकीचे ७५० डॉलर नोटिशीत घातलेत तर त्यांचा वकील उरलेल्या ७,०१५ वरही बोट ठेवेल.

कराबद्दलही थांबा. टेक्सासमध्ये वर्षाचा मालमत्ता कर भरायला जानेवारीअखेरपर्यंत वेळ असतो. २० डिसेंबरला तो ‘भरलेला दिसत नाही’ हे बरोबर, पण तो थकलेला नाही. तुमच्या करारात त्याआधीची तारीख दिली असेल तर गोष्ट वेगळी. नोटीस टाकायच्या सकाळी काउंटीच्या टॅक्स ऑफिसच्या साइटवर घराचा खाते क्रमांक घालून बघा. तेव्हाही बाकी असेल तर दंडासह नेमका आकडा वेगळ्या ओळीत लिहा.

पाठवायचं सर्टिफाइड किंवा रजिस्टर्ड मेलने, रिटर्न रिसीट मागून. खरेदीदाराच्या घरच्या किंवा कामाच्या पत्त्यावर टाकली की नोटीस दिली असं धरलं जातं, त्यांनी पोस्टाच्या हिरव्या पोच-कार्डावर सही केली नाही म्हणून ती निष्फळ होत नाही. पोस्टाच्या शिक्क्याची पावती मात्र जिवापाड जपा, साठ दिवस तिथून मोजले जातात. मी तारीख १७ एप्रिल का लिहिली, सांगते. १० फेब्रुवारीला टाकलीत तर साठावा दिवस ११ एप्रिल येतो, तो शनिवार. कायदा ‘किमान’ साठ म्हणतो. शनिवारी बँक, वायर, पोस्ट यांच्या भानगडीत एका दिवसावरून नोटीस वादात पडण्यापेक्षा पुढचा शुक्रवार द्यावा. सहा दिवसांनी तुमचं काही जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र या काळात थकबाकीबद्दल काही लिहू नका. ‘सावकाश द्या हो’ असं चुकून मायेने लिहिलंत तर तेही पुढे पुरावा म्हणून येतं.

पाठवण्याआधी आणखी दोन चौकश्या. घरातलं कोणी हप्ते सुरू झाल्यानंतर लष्करात दाखल झालंय का? अशा खरेदीदाराचा करार कोर्टाच्या आदेशाशिवाय मोडता येत नाही, हा केंद्राचा कायदा आहे. आणि त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केलाय का? केला असेल तर पाकीट टेबलावर ठेवून आधी वकिलाला फोन करा.

१७ एप्रिल उलटली आणि पैसे आले नाहीत तर पुढचं काम ट्रस्टीचं आणि वकिलाचं. लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, काउंटीने नेमून दिलेल्या जागी, सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान होतो, आणि त्याची नोटीस किमान २१ दिवस आधी लावावी, नोंदवावी आणि खरेदीदाराला पाठवावी लागते. मेचा पहिला मंगळवार ५ तारखेला, त्यासाठी १४ एप्रिललाच नोटीस लागायला हवी होती, म्हणजे तो हुकला. तुमचा पहिला मंगळवार २ जून. घर परत मिळणं किंवा पैसे वसूल होणं फेब्रुवारीत नाही, उन्हाळ्यात, हे तुमच्या निवृत्तीच्या गणितात आत्ताच धरा.

पण मला मनापासून वाटतं ते हे, की जूनपर्यंत जायची वेळ येऊ नये. पन्नास महिने ज्या माणसाने हप्ते दिले, तो फुकट्या नाही. निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, हे लाजेचं लक्षण आहे. नोटीस पोस्टात टाकायच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी जा. एकटे नको, काकूंना घेऊन. सांगा, की उद्या एक पत्र येईल, भाषा कडक आहे कारण ती कायद्याची आहे, त्यात लिहिलेली रक्कम आणि तारीख तेवढी नीट वाचा. हप्ते वाढवून किंवा थकलेली रक्कम शेवटी जोडून तडजोड होत असेल तर करा, पण लेखी, दोघांच्या सह्यांनी, आणि नोटिशीचे हक्क आम्ही सोडलेले नाहीत असं त्यात लिहून. नोटिशीनंतर ते दोन हजार घेऊन आले तर घ्यायचे का, हे आधी वकिलाला विचारा. घेतलेत तर पावतीवर ‘अंशतः रक्कम, नोटीस कायम’ असं लिहून द्या.

शेवटचं, आणि हे तातडीचं. दर जानेवारीत, ३१ तारखेपर्यंत, विकणाऱ्याने खरेदीदाराला वार्षिक हिशोब पाठवायचा असतो : किती भरले, किती उरले, किती हप्ते बाकी. कलम ५.०७७. पाठवत होतात का? तुमच्यासारख्या एखादाच व्यवहार करणाऱ्याला न पाठवलेल्या प्रत्येक हिशोबामागे १०० डॉलर आणि समोरच्याच्या वकिलाचा खर्च पडू शकतो. रक्कम छोटी आहे, पण ‘तुम्ही अटी पाळत नाही’ अशी नोटीस ज्याच्याकडून येते, त्यानेच चार वर्षं हिशोब दिलेला नसणं शोभत नाही. या अंकाची शाई वाळायच्या आत यंदाचा हिशोब मराठी प्रतीसह टाका, आणि मागचेही सोबत जोडा.

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो, आणि आम्ही खरेदीदार आहोत. ज्यांच्याकडून घर घेतलं ते आधी इथेच राहायचे. हिवाळ्यात यांचं काम बंद होतं, दोन हप्ते राहिले. परवा एक माणूस दारावर आला आणि करार रद्द करण्याच्या नोटिशीचं पाकीट आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन गेला. आम्ही दोघंही घरी नव्हतो. कोणी सही केलेली नाही. मग ही नोटीस धरायची का? मुलगा म्हणतो, नाही धरायची.

— एक वाचक

उत्तर : धरायची, आणि आजच धरायची. मुलाला रागवू नका, त्याची समजूत फार जणांची असते. मिनेसोटात ही नोटीस कोर्टाच्या समन्ससारखी बजावतात. विकणारा स्वतः ती देऊ शकत नाही, व्यवहारात नसलेल्या अठरा वर्षांवरच्या कुणीही ती द्यावी लागते, आणि तुम्ही घरी नसाल तर तिथे राहणाऱ्या समजत्या वयाच्या माणसाकडे दिली तरी चालते. एकोणीस वर्षांचा, त्याच घरात राहणारा मुलगा त्यात बसतो. सहीची गरज नसते.

टेक्सासच्या काकांना मी वर जे सांगितलं ते तुमच्या उपयोगाचं नाही. तुमच्याकडे मिनेसोटाच्या कायद्याचं कलम ५५९.२१ लागतं. नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून, तुमच्या बाबतीत साठ दिवस. पाकिटावर मुलाकडून तारीख आणि वेळ लिहून घ्या, आतल्या कागदावरचा दिवसांचा आकडा ताडून पाहा. या दिवसांत तुम्हाला थकलेले दोन हप्ते, पैसे भराल त्या तारखेपर्यंत येणारे पुढचे हप्ते, थकबाकीवर कायद्याने ठरवलेले २ टक्के, नोटीस बजावण्याचा खर्च आणि कायद्याच्या मर्यादेत वकिलाची फी, हे सगळं भरावं लागेल. एकही बाब राहिली तर पुरेसं होत नाही. म्हणून नोटिशीवर ज्या व्यक्तीकडे पैसे द्यायला सांगितलंय तिच्याकडून एकूण रक्कम लेखी मागून घ्या, ती बँकेच्या चेकने द्या, पोच घ्या.

मिनेसोटात इथून पुढे लिलाव नसतो. मुदत संपली की करार संपतो आणि भरलेले पैसे परत येत नाहीत. नोटिशीतली रक्कम चुकीची आहे किंवा तुम्ही आधीच भरली आहे असं वाटत असेल, तर मुदतीच्या आत जिल्हा न्यायालयाकडून स्थगिती मिळवता येते, कलम ५५९.२११ खाली. मुदतीच्या आत म्हणजे आदेश हातात यायला हवा, नुसता अर्ज टाकून भागत नाही. दहा-बारा दिवस कागदपत्रांत जातात, तेव्हा साठाव्या दिवसाची वाट बघू नका. या आठवड्यात काउंटीच्या कायदेविषयक मदत केंद्रात जा, करार, सगळ्या हप्त्यांचे पुरावे आणि मुलाच्या हस्ताक्षरातली तारीख असलेलं ते पाकीट घेऊन.